केराबाईंच्या नावाचा केसपेपर

नसा हातमोज्यासारख्या नसतात.

शेळीचा मोडलेला पाय तीन-चार आठवड्यांत धरतो. मधे उघडून बघायचं नाही, एवढं पथ्य.

शिबिराच्या यादीत अठरा नावं होती. सभापती येणार होते, म्हणून वीस हवी होती.

टाचणी टोचल्याबरोबर जो ‘नाही’ म्हणतो, त्याला टाचणी कळलेली असते.

ओपीडीच्या बाकावर आडवी झालेली बाई. घोरणं दारापर्यंत ऐकू येतं. उजवा हात उशाला.

मनगटावरचा छेद दीड इंचाचा. पाच टाके. गुरुवारी सकाळी नऊ वाजता, एका धडधाकट हातावर.

*

‘हिला काय हुतंय त्ये मी सांगतो,’ नवरा म्हणाला.

‘त्यांनाच सांगू दे.’

‘तिला सांगाय येत न्हाई, सायेब.’

हे शहाण्णव सालचं. वडजे नावाच्या गावी तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय होतं आणि मी तिथं वैद्यकीय अधिकारी होतो. वय एकोणतीस. सकाळच्या ओपीडीत शंभर-सव्वाशे माणसं. त्यातल्या निम्म्यांचं दुखणं दुसरंच कुणीतरी सांगायचं. सुनेचं सासू सांगायची, सासूचं मुलगा सांगायचा. ज्याचं दुखतंय तो समोर बसून छताकडे बघायचा. मला याचा भयंकर वैताग होता. मी बोट दाखवून म्हणायचो, ‘हे बोलतील.’ आणि ते बोलायचे नाहीत.

केसपेपरवर नाव होतं केराबाई सुबराव झिमल, वय बेचाळीस. बाई बुटक्या, काळ्यासावळ्या, हिरवं नऊवारी. नवरा चांगला सहा फुटी, पांढरा पटका, उजव्या खांद्यावरून खाली सोडलेली घोंगडी. मेंढरामागे जाणाऱ्या लोकांच्या अंगावर ती असतेच, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

‘उजवा हात,’ सुबराव म्हणाले. ‘कोपराच्या खाली चार बोटं सोडली की तिथनं पुढं हातच न्हाई.’

‘नाही म्हणजे? दुखतो?’

‘दुखला असता तर बरं हुतं. दुखतंय ते आपलं असतंय. ह्यो दिसतोय, पन आपला न्हाई. दुसऱ्या कुनाचा आनून जोडल्यागत.’

‘बाई, मी तुम्हाला विचारतोय. मुंग्या येतात का?’

केराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ‘त्ये म्हनत्यात तसंच.’

‘मुंग्या न्हाईत,’ सुबराव म्हणाले. ‘मुंगी आली तरी कळंल की हात हाय म्हनून.’

मला ते आवडलं. बायकोचं दुखणं इतकं बारकाईनं जाणणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता. मी केराबाईंना डोळे मिटायला सांगितलं. ‘टाचणी लागली की हो म्हणा. नाही लागली तर नाही म्हणा.’

टोचलं. ‘न्हाई.’

अंगठ्याच्या मुळाशी टोचलं. ‘न्हाई.’

नुसताच थांबलो. बाई गप्प.

करंगळीला टोचलं. ‘न्हाई.’ जरा घाईनंच.

मुलाणी सिस्टर कपाटाकडे तोंड करून हसत होत्या. मीही हसू आवरलं. आदल्याच महिन्यात मी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. शरीराच्या तक्रारी आणि त्यामागचं मन, असा विषय. तालुक्यातून मी एकटाच. तिथं शिकवलं होतं की अंगठ्याकडची नस वेगळी, करंगळीकडची वेगळी. नस बिघडली तर हातावर एखादा पट्टा बधिर होतो. बांगडी भरावी तशी गोल रेघ आणि तिच्या खालचं सगळंच बधिर, हे कुठल्याच एका नसेला जमत नाही. ती रेघ माणसाचं मन आखतं.

समोर पहिल्याच महिन्यात, पुस्तकात छापल्यासारखी केस. मी केसपेपरवर झोकात लिहिलं, ‘मानसिक कारण. बोलून पाहणे.’

*

बोलून पाहिलं ते असं. प्रशिक्षणात एक छापील कागद मिळाला होता, दहा प्रश्नांचा.

झोप लागते का?

‘लागत न्हाई,’ सुबराव.

‘कुणाला? यांना?’

‘हां. हिलाच.’

(‘बाहेर बाकावर घोरत होत्या की,’ मुलाणी सिस्टर मागून म्हणाल्या.)

भूक?

‘न्हाई. घास तोंडात फिरतोय.’

घरात कुणाशी वाद? सासू?

‘सासू जाऊन धा वर्सं झाली,’ केराबाई म्हणाल्या. त्यांचं पहिलं स्वतंत्र वाक्य. ‘ग्वाड हुती.’

मुलंबाळं?

‘दोन ल्योक. एक मिल्ट्रीत, एक मेंढरामागं.’

मालक मारतात का?

केराबाई खरोखर हसल्या. ‘ह्ये? ह्येंनी कोकराला तरी मारलंय का इचारा.’

जवळचं कुणी गेलं का?

‘न्हाई,’ केराबाई म्हणाल्या.

सुबराव घोंगडी सारखी करून खिडकीकडे बघत राहिले. मी कागदावर फुली मारली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

*

केसपेपर, पुढची पानं:

३ डिसेंबर. साखर तपासली. नॉर्मल.

१७ डिसेंबर. मानेचा एक्स-रे. नॉर्मल. नातेवाइकाचं समाधान नाही.

७ जानेवारी. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, पाच. रुग्ण म्हणते, फरक नाही. (‘रुग्ण’ खोडून ‘पती’ लिहिलं आहे. अक्षर माझंच.)

२१ जानेवारी. पुन्हा आले.

४ फेब्रुवारी. पुन्हा.

एकवीस जानेवारीला मी त्यांना सांगितलं, ‘हे बघा, सगळे रिपोर्ट चांगले आहेत.’

‘चांगलं कसं?’ सुबराव म्हणाले. ‘हात गेला आन कागूद म्हनतोय चांगलं?’

‘कारण हाताला काही झालेलं नाही.’

‘आमाला कळतंय की झालंय.’

‘आमाला म्हणजे कुणाला? हात यांचा आहे. यांना बोलू द्या ना एकदा.’

‘त्ये म्हनत्यात तसंच,’ केराबाई जांभई देत म्हणाल्या.

दर खेपेला तीन तासांची एसटी. वाटेत दोन सरकारी दवाखाने लागतात, ते सोडून माझ्याच टेबलासमोर. केसपेपरवर पत्ता केराबाईंच्या माहेरचा होता, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की पंधरा दिवसांनी मंगळवारी तो पांढरा पटका दारात उगवतो आणि माझं डोकं दुखायला लागतं. माझ्या डोकेदुखीचं कारण मात्र मला पक्कं माहीत होतं.

चार फेब्रुवारीला माझा तोल गेला. ‘तुमच्या बायकोचं दुखणं मनाचं आहे,’ मी सांगून टाकलं.

सुबराव पुढे झुकले. ‘मनाचं म्हंजी खोटं?’

‘खोटं नाही.’

‘मग खरं?’

‘खरं, पण हातात नाही.’

‘मग कुटं हाय?’

बाहेर साठ माणसं होती. एक पोर रडून निळं पडत होतं. मी घंटी वाजवली. ‘पुढचा पेशंट.’

सुबराव उठले नाहीत. ‘कुटं हाय त्ये तरी सांगा,’ ते अगदी हळू म्हणाले. बायकोसाठी कुणी इतकं अजीजीनं विचारतं का, असं माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं.

*

मार्चमध्ये शिबिर लागलं. जिल्ह्याहून हाडांचे डॉक्टर येणार, दोन दिवसांत वीस शस्त्रक्रिया, मांडव, सभापतींचं भाषण. निवडीसाठी डॉ. उगले आठवडाभर आधी येऊन गेले. जाडजूड, घाईचे, मनानं बरे. अठरा रुग्ण निवडले आणि मंगळवार असल्यामुळे एकोणिसाव्या केराबाई आल्या.

‘हे मानसिक आहे, सर,’ मी म्हणालो.

उगल्यांनी केराबाईंच्या मनगटावर टिचकी मारली. ‘मावशी, मुंग्या येतात?’

केराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता. मग त्याच बोलल्या, ‘येत्यात.’

‘झालं. मनगटात नस दाबली गेलीय.’ उगल्यांनी माझ्या अक्षरातल्या ‘मानसिक’वर आडवी रेघ ओढली. ‘अरे, तुम्ही पोरं प्रशिक्षणाला जाता आणि सगळ्यांना वेडं ठरवून येता. दहा मिनिटांचं काम आहे. दाब मोकळा करू. नाही उपयोग झाला तर नुकसान काय?’

नुकसान काय ते मला ठाऊक होतं. धड नसेवर सुरी चालवली आणि एखादी बारीक फांदी तुटली तर अंगठ्याची पकड जाते. बाईचा उजवा हात. मी तोंड उघडलंही होतं. पण चार महिन्यांचे मंगळवार डोळ्यांपुढे आले आणि वाटलं, कापा, शिवा, काहीही करा, हा पटका पुन्हा माझ्या दारात नको.

‘करा,’ मी म्हणालो.

*

शिबिराच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सगळ्यांना दाखल करून घेतलं. दुपारी चारच्या सुमारास मी बायकांच्या वॉर्डातून चाललो होतो. कोपऱ्यातल्या खाटेभोवती चार-पाच जणी जमल्या होत्या. एका रुग्णाच्या आईचा पाय पायरीवरून मुरगळला होता आणि कुणीतरी तो बांधत होतं. म्हातारी म्हणत होती, ‘बाई गं, तुझ्या हातात लई गुन हाय.’

बांधत होत्या केराबाई. पाठमोऱ्या, मांडी घालून, म्हातारीची टाच मांडीवर. लुगड्याची फाडलेली पट्टी घोट्याभोवती फिरत होती आणि फिरवणारा हात उजवा होता. अंगठा पट्टी दाबून धरत होता, करंगळी खालचा पदर वळवत होती. शेवटी टोक दोनदा पिळून आत खोचलं. गाठ दिसेना.

ती गाठ मी आधी पाहिली होती. पाहिली म्हणजे कापली होती.

‘केराबाई.’

त्यांनी मागे वळून पाहिलं. हात लपवायचा त्यांनी प्रयत्नसुद्धा केला नाही.

‘आता बघितलंच तुमी,’ त्या म्हणाल्या.

मी त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. मुलाणी सिस्टरही आल्या. माझा आवाज चढला होता. ‘चार महिने. चार महिने तुम्ही मला बनवताय. उद्या हा हात कापणार आहेत, कळतंय का तुम्हाला?’

‘कळाया काय झालं? हात माजा हाय.’ त्यासुद्धा चिडल्या होत्या. माझ्यापेक्षा जास्त. ‘माज्या हाताला कायबी झाल्यालं न्हाई. त्येंचा गेलाय.’

‘कुणाचा?’

‘आता कुनाचा? घोंगडी पांघरून बसत्यात त्येंचा.’

सिस्टरांनी तोंडावर पदर धरला. मी खुर्चीत बसलो.

‘मग मी इतके दिवस तपासत काय होतो?’

‘तुमी मला तपासत हुता. त्ये सांगत हुते त्येंचं.’ त्या अशा बोलल्या, जणू हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. ‘रिपोट चांगलंच येनार की. मी चांगलीच हाय.’

‘आणि त्यांना स्वतःच्या नावानं केसपेपर काढायला काय झालं होतं?’

‘लोकांची हाडं बसवनारा मानूस डागदरकडं आपला हात दावाया गेला म्हनल्यावर दारात कोन येतंय? ढालेवाडीच्या आण्णांचा हात गेला म्हनून बोंब हुईल.’

ढालेवाडीचे आण्णा. हे नाव मला माहीत होतं. पूर्ण नाव माहीत नव्हतं, चेहरा माहीत नव्हता. चार तालुक्यांत कुणाचं हाड मोडलं की लोक जीप करून ढालेवाडीला जायचे, आणि जे बिघडून यायचं ते आमच्याकडे यायचं.

‘आता बांधतं कोण?’

‘मी. त्ये बाजूला बसून सांगत्यात. लोकास्नी वाटतंय, बायकूला शिकवत्यात.’ केराबाईंनी नाक पुसलं. ‘काल म्हनलं, आवं, माज्या हातात तुमचं दुकनं कसं गावंल? उद्या ह्योबी गेला तर घरात चांगला हात कुनाचा उरतोय? तर गप. तोंडच उघडत न्हाईत. म्हून मीच बांधाय बसले. म्हनलं, बघू दे कुनीतरी.’

*

इथं मला थोडं मागं जाऊन एक गोष्ट सांगावी लागेल. दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात, एका गुरुवारी, वनिता नावाची नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे आणली होती. चिंचेवरून पडून उजवा हात मोडलेला. मनगटापासून कोपरापर्यंत बांबूच्या कामट्या, त्यावर अंड्याचा बलक वाळून कडक झालेला, त्यावर कापड, आणि ती आत खोचलेली गाठ. बाहेर आलेली बोटं काळी. मी बांधणं कापलं आणि तिला गाडीत घालून जिल्ह्याला पाठवलं. शुक्रवारी हात काढला. टाके मी काढले, इथं, याच खोलीत. कोपराखाली चार बोटांएवढाच हात उरला होता.

*

सुबराव रुग्णवाहिकेच्या शेडमध्ये उकिडवे बसले होते. मी त्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

‘घोंगडी काढा.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘केरानं सांगितलं?’

‘हो.’

‘बरं केलं.’

डाव्या हातानं घोंगडी काढली. उजवा हात चांगला होता. मोठा पंजा, जाड बोटं, जरा रोडावलेला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला, बाजाराची पिशवी ठेवावी तसा. मी डोळे मिटायला सांगितलं. टाचणी घेतली.

तळव्याला टोचलं. ते काही बोलले नाहीत. अंगठा, करंगळी, मनगट. एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आला. चेहरा हलला नाही. वर सरकत गेलो. कोपराखाली चार बोटांवर ते म्हणाले, ‘हां.’

तिथं पेनानं खूण केली. हात फिरवून मागच्या बाजूनं तेच. आतून तेच. खुणा जोडल्या तर गोल रेघ झाली. ती मी कुठं पाहिली होती ते आता मला कुठल्या कागदावर शोधावं लागणार नव्हतं.

‘वनिता,’ मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले.

‘बांधनं तुमीच कापलं न्हवं?’

‘मीच.’

‘म्हून तर हितं येत हुतो. कसं हुतं?’

‘काय कसं होतं?’

‘बांधनं.’

चार महिने मला हवा होता तसा माणूस समोर होता. स्वतःच्या दुखण्याबद्दल स्वतः बोलणारा. आणि माझ्या मनात राग सोडून दुसरं काही नव्हतं.

‘घट्ट,’ मी म्हणालो. ‘कात्रीचं टोक आत जात नव्हतं. सूज चढत गेली आणि तुमच्या कामट्या जागच्या हलल्या नाहीत. रक्त खाली उतरलंच नाही. त्यानं हात गेला.’

‘माज्याकडं आनायच्या आदीच गेल्याला नसंल?’

‘नाही.’

‘नुस्तं मोडलं हुतं?’

‘नुसतं मोडलं होतं. नीट प्लास्टर घातलं असतं तर दिवाळीनंतर शाळेत गेली असती.’

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. मला वाटलं आता माझ्यावर उलटतील, आजोबापासूनची विद्या, हजार हाडं बसवली, असं काहीतरी. ते म्हणाले, ‘बरं झालं. कुनीतरी बोललं.’

‘म्हणजे? तिच्या घरचे काही बोलले नाहीत?’

‘तेच तर.’ ते टेबलावरच्या हाताकडे बघत होते. ‘आमच्यात असं हाय. ज्यानं बांधलं त्येनंच सोडायचं. दुसऱ्या कुनी सोडलं तर बांधनाऱ्याचा अपमान. पोरीचा हात गेल्यावर पंधरा दिसांनी तिचा बा माज्या दारात आला. मला वाटलं कुऱ्हाड घिऊन आला. तर नारळ घिऊन आल्ता. म्हनला, आण्णा, तुमचं बांधनं डागदरनं कापलं, मी आडवलं न्हाई, चूक झाली. म्हनून हात गेला. माफ करा.’

मला आधी ते नीट समजलंच नाही. ‘त्यानं तुमची माफी मागितली?’

‘पायावर डोकं ठेवलं.’

‘आणि तुम्ही नारळ घेतला?’

‘घेतला. ह्योच हात पुढं केला. नारळ हातात आला एवडं कळलं. मग कळायचं थांबलं.’

बाहेर मांडववाले बांबू ठोकत होते.

‘आणि त्यापायी बायकोचा हात कापायला द्यायला निघालात?’ मी म्हणालो. माझा वैताग अजून उतरला नव्हता. ‘एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं की हिचा नाही, माझा.’

‘दर टायमाला म्हनायला यायचो. हितं बसलो की तोंडातनं तिचंच नाव यायचं.’ ते पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, ‘मला वाटायचं, तुमी वळकाल. हुशार मानूस. येक दिस म्हनाल, तिला न्हाई रं, तुला झालंय.’

मी प्रशिक्षणात पाठ केलेलं बोलू लागलो. की हाताची नस शाबूत आहे. की हे नाटक नाही, सोंग नाही. की जे मनाला सोसत नाही ते कधी कधी माणसाचं शरीर उचलून धरतं. तो हात तुमच्या आतूनच बंद झालाय, तेव्हा उघडेलही आतूनच.

‘म्हंजी मीच बांधलंय.’

‘हो.’

‘मग सोडायचं बी मीच.’

‘हो,’ मी म्हणालो. ‘पण आधी वनिताच्या बापाला जाऊन सांगा. चूक कुणाची ते.’

‘सांगतो,’ ते म्हणाले.

*

केसपेपर, शेवटचं पान: १९ मार्च. शस्त्रक्रिया रद्द. रुग्णास काहीही झालेले नाही.

डॉ. उगले माझ्यावर असे भडकले की बोलायची सोय नाही. ‘ऐनवेळी एक नाव कमी. तुला पटत नव्हतं तर तेव्हाच ठामपणे सांगायचं होतंस.’ हे त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना खरी हकीकत सांगितली नाही. सभापतींनी भाषणात वीसच आकडा सांगितला.

सुबराव मे महिन्यात आले. स्वतःच्या नावानं केसपेपर काढून, रांगेत उभे राहून. घोंगडी डाव्या खांद्यावर होती. करंगळीजवळचं बोट आधी आलं, मग अंगठा, असं ते सांगत होते. सगळा हात यायला आषाढ उजाडला. वनिताच्या बापाकडे ते गेले होते. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाला, असं कसं आण्णा, तुमची चूक कशी असंल. तीन वेळा गेले तेव्हा कुठं चौथ्या खेपेला त्यानं शिवी दिली. ‘लई बरं वाटलं,’ सुबराव म्हणाले.

त्यांनी पुन्हा कुणाचं हाड बांधलं नाही. केराबाईंनी मात्र सोडलं नाही. मी त्यांच्याशी भांडलो, सिस्टर भांडल्या. ‘सैल बांधते की,’ त्या म्हणायच्या. ‘आन सुजल्यालं दिसलं की तुमच्याकडंच धाडते. तुमी एवडं शिकल्यालं, तुमाला काम नगो?’ आणि खरोखरच धाडायच्या. सोमवारच्या ओपीडीत ढालेवाडीकडची चार-पाच माणसं तरी असायची, लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेली, आणि प्रत्येकाचं दुखणं बरोबर आलेला दुसराच कुणीतरी सांगायचा.

माझी बदली होईपर्यंत हे चाललं. सुबराव बाजारात, एसटी स्टँडवर, जत्रेत भेटेल त्याला सांगायचे की वडज्याच्या दवाखान्यात जा, तिथला डॉक्टर तोंडावर खरं बोलतो. निरोपाच्या दिवशी ते स्वतः आले होते. उजव्या हातानं माझा हात धरला, चांगला दाबून. पकड पक्की होती.

वनिताला तिचा बाप त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, ढालेवाडीला नेण्याआधी, माझ्याकडे घेऊन आला होता. एक्स-रेचा माणूस रजेवर होता आणि मी तिचा हात न बघता त्यांना सोमवारी यायला सांगितलं.